वजू, वसवसा आणि मानसोपचार : श्रद्धा उपचाराच्या आड येते का?

वडाळारोड (धागाकर्ती)

सर्व सदस्यांना नमस्कार आणि सलाम. मी जुन्या नाशकात वाढले, लग्नानंतर वडाळा रोडला राहते. माझा धाकटा भाऊ अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो लहानपणापासून नमाजी आहे आणि त्याबद्दल घरात सर्वांना कौतुकच होते. परंतु अलीकडे त्याला एक वजू (नमाजीपूर्वी हात, तोंड, पाय धुणे) करायला अर्धा-पाऊण तास लागतो, कारण कोपर कोरडे राहिले असेल, कुल्ली (चूळ) नीट झाली नसेल, मध्येच वजू तुटला असेल अशी शंका त्याला सतत येते. नमाजीला उभा राहिला की निय्यत (मनातला संकल्प) झाली की नाही याची शंका. शिवाय अल्लाहविषयी तोंडाने उच्चारू नयेत असे विचार आपोआप मनात येतात, असे त्याने मला एकटीलाच रडत सांगितले.

अब्बांच्या मते ही इमानाची (श्रद्धेची) कमजोरी आहे आणि त्याने इबादत (उपासना) वाढवावी. खालाजानच्या मते कोणीतरी काहीतरी केले आहे, म्हणून एका आमिलाकडे (झाडफूक करणाऱ्याकडे) जावे. ज्या मनोविकारतज्ज्ञांना आम्ही भेटलो, त्यांनी हा मंत्रचळ म्हणजे ओसीडी असल्याचे सांगून गोळ्या आणि समुपदेशन सुचवले. भावाचे म्हणणे वेगळेच आहे. तो म्हणतो, "गोळी खाऊन माझे अल्लाहबद्दलचे विचार बदलणार असतील, तर ती गोळी मला नको."

त्याची ही भीती मला वेडेपणाची वाटत नाही, म्हणून येथे विचारते आहे. श्रद्धा सोडायला न लावता हा उपचार होऊ शकतो का? कोणाचा अनुभव असल्यास कृपया लिहावे.

विवेकी

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ज्या गोष्टीमुळे आजार झाला तिलाच सोबत घेऊन उपचार कसा होईल? आधी काही महिने नमाज, वजू, मौलाना सर्व बाजूला ठेवावे आणि फक्त डॉक्टरांचे ऐकावे. आमिलाच्या दारात तर पाऊलही टाकू नये. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो अशाच लोकांसाठी आहे.

पंचवटीचा_पोरगा

विवेकी, "ज्या गोष्टीमुळे आजार झाला" हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलेत. आमच्या आजीचे सोवळे तुम्ही पाहिले नाही. रामकुंडावरून ओलेत्याने घरी येताना वाटेत कोणाचा नुसता वारा लागला तरी ती माघारी फिरायची, आणि आजोबा दारात उभे राहून विचारायचे की आज तरी स्वयंपाक होणार की गोदामाईच जेवायला घालणार. तिला वजू हा शब्दही माहीत नव्हता. आजार तोच असावा, फक्त त्याने आमच्या घरातले कपडे घातले होते.

इल्मदोस्त

व अलैकुम अस्सलाम, बहीण. मी मदरशात शिकलो आहे आणि आता मुलांना शिकवतो, त्यामुळे दीनच्या (धर्माच्या) बाजूने जे मला ठाऊक आहे ते लिहितो. औषधाचे काम डॉक्टरांचे.

आपल्या भावाला जे होते त्याला आपल्याकडे वसवसा म्हणतात आणि त्याचा विचार हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) व फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) फार आधीपासून झालेला आहे. फिकहचा एक मूळ नियम असा की खात्री शंकेने नाहीशी होत नाही. वजू केल्याची खात्री असेल आणि तो तुटल्याची केवळ शंका असेल, तर वजू कायम मानायचा. नमाजीत वारा सरल्याचा भास होणाऱ्या माणसाबद्दल पैगंबरांना (स.) विचारण्यात आले, तेव्हा आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत नमाज सोडू नये असे त्यांनी सांगितले, ही रिवायत (कथन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. वजूमध्ये अवयव तीनपेक्षा जास्त वेळा धुणाऱ्याला तर चुकीचे वागणारा म्हटले आहे. म्हणजे पाऊण तास वजू करणे ही जास्तीची इबादत नव्हे, हे आपल्या अब्बांना अदबीने सांगता येईल.

मनात येणाऱ्या नको त्या विचारांबद्दल मुस्लिमच्या संग्रहात असे आले आहे की काही सहाबी (पैगंबरांचे सोबती) पैगंबरांकडे येऊन म्हणाले, आमच्या मनात असे काही येते की ते बोलणेसुद्धा आम्हाला भयंकर वाटते. तेव्हा हे भयंकर वाटणे म्हणजेच उघड इमान आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. हे आपल्या भावाला जरूर वाचून दाखवा. त्याला माझ्याकडे पाठवलेत तर त्याच्या एकेका शंकेचे उत्तर मी देईन, कितीही वेळ लागो.

मनाचा_वैद्य

मी नाशकातच मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. एखाद्या विशिष्ट रुग्णाला येथे सल्ला देणे योग्य होणार नाही, म्हणून सर्वसाधारण लिहितो.

इल्मदोस्त यांचा प्रतिसाद मला फार आवडला, पण शेवटच्या वाक्याला माझी कळकळीची हरकत आहे. मंत्रचळात माणसाला ज्ञान कमी पडत नाही. त्याला खात्रीची भूक लागलेली असते आणि ती उत्तराने भागत नाही. एका शंकेचे समाधान झाले की काही मिनिटे बरे वाटते आणि लगेच दुसरी शंका उभी राहते. आईला "माझा वजू झाला ना?" असे पुन्हा पुन्हा विचारणे, रात्रभर मोबाइलवर फतवे शोधणे, इमामसाहेबांना रोज गाठणे, हे सर्व हात धुण्याइतकेच आजाराचे भाग आहेत. म्हणून एकेका शंकेचे उत्तर प्रेमाने देणारा आलिम (धर्मपंडित) नकळत आजाराला खतपाणी घालतो. त्याने एकदाच, स्पष्ट नियम सांगावा आणि पुढच्या वेळी "याचे उत्तर तुला मिळालेले आहे" एवढेच म्हणावे. घरच्यांनीही तेच करावे. हे ऐकायला कठोर वाटते, परंतु उपयोग याचाच होतो.

या आजारावरच्या समुपदेशनात रुग्णाला शंकेसमोर थांबायला शिकवतात. वजू एकदाच करायचा, शंका आली तरी नळाकडे परत जायचे नाही, आणि बेचैनी आपोआप उतरेपर्यंत ती सोसायची. यात वजूविना नमाज पढायला सांगण्याची काही गरज नसते; धर्माची मर्यादा जेथे आहे तेथेच आपण थांबतो, आजाराने ती मर्यादा ओढून लांब नेलेली असते. इल्मदोस्त यांनी सांगितलेला खात्री-शंकेचा नियम आणि आमची उपचारपद्धती या बाबतीत हातात हात घालून चालतात.

मंत्रचळ कोणत्या विषयाला धरून येईल, हे बरेचदा माणसाला सर्वांत प्रिय काय आहे यावर ठरते. बाळंतिणीला बाळाला इजा करण्याचे विचार छळतात आणि श्रद्धाळू माणसाला ईश्वरनिंदेचे. विवेकी यांच्या मार्गाने जाऊन नमाज सोडली, तर हा मुलगा अपराधभावाने आणखी खचेल आणि दारे-कुलपे तपासायला लागला तर नवल वाटायला नको. राहिला गोळीचा प्रश्न. ज्या औषधांनी मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या कामावर परिणाम होतो ती औषधे कोणाचीही श्रद्धा बदलत नाहीत. विचाराला चिकटलेली धास्ती कमी होते. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, मंत्रचळात तर नैराश्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि लोक नेमकी त्याआधीच गोळी सोडतात.

इल्मदोस्त

डॉक्टरसाहेब, हरकत मान्य. वसवशाकडे लक्षच देऊ नये, असे आमच्या जुन्या उलेमांनीही लिहून ठेवले आहे. एकेका शंकेला उत्तर देत बसणे त्यात बसत नाही.

मालेगावकर

धागा वाचून आमच्याकडची एक अडचण सांगावीशी वाटते, कारण ती नाशकात बसून लक्षात येणार नाही. मालेगावात "कुत्ता गोली" नावाने अल्प्राझोलमच्या गोळ्या चोरून विकल्या जातात आणि त्यात कित्येक तरुण वाया गेले आहेत. यंत्रमागावर पाळ्या करणारी पोरे आधी झोपेसाठी घेतात आणि मग सुटत नाही. त्यामुळे मनाच्या आजारावरची कोणतीही गोळी म्हटली की आमच्या मोहल्ल्यात आई-बाप तीच समजतात. नशा हराम आहे, म्हणून गोळीही हराम, असा सरळ हिशेब लावला जातो. माझ्या चुलत भावाची औषधे फुफीने (आत्याने) नाल्यात फेकली होती. तिला धर्मवेडी म्हणणे सोपे आहे, पण तिने शेजारच्या घरातला मुलगा डोळ्यांसमोर संपताना पाहिला होता.

मनाचा_वैद्य

मालेगावकर, हे आम्हा डॉक्टरांनी घोकून ठेवावे असे आहे. अल्प्राझोलम हे बेंझोडायझेपिन गटातले औषध आहे. ते सवय लावते आणि म्हणूनच मोजके दिवस, देखरेखीखाली द्यायचे असते. नैराश्य आणि मंत्रचळ यांवरची रोजची औषधे वेगळ्या गटातली आहेत. त्यांची नशा होत नाही आणि मात्रा वाढवत नेण्याची तलफ लागत नाही. मात्र ती एकाएकी बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता असा त्रास होतो, म्हणून हळूहळू कमी करतात. चिठ्ठीवर नाव लिहून देताना "ही ती गोळी नव्हे" एवढे एक वाक्य बोलायला वेळ लागत नाही.

सिडकोवाली

आतापर्यंतची चर्चा सुशिक्षित आलिम आणि समजूतदार डॉक्टर यांच्यात चालली आहे, म्हणून ती इतकी गोड वाटते. माझ्या वाट्याला असे कोणी आले नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला रोज सकाळी उठणे म्हणजे शिक्षा वाटायची. सासरी जे येईल ते म्हणायचे, सब्र (धीर) कर, नमाज पढ, अल्लाह तुझी परीक्षा घेतो आहे. मी नमाज पढतच होते. पढूनही मन हलत नाही, तेव्हा अल्लाहनेच आपल्याला टाकले असा माझा समज झाला आणि आजारापेक्षा तो समज मला जास्त जाचला. जगू नये असेही मनात यायचे, परंतु आत्महत्या हराम आहे, त्यामुळे असा विचार येणे हेसुद्धा पापच असणार, म्हणून मी कोणाजवळ बोलले नाही. त्या मनाईने मला वाचवले असेल, हे मी नाकारत नाही. तिनेच माझे तोंडही बंद केले होते.

शेवटी माहेरच्या एका शेजारणीने, ज्या परिचारिका होत्या, मला दवाखान्यात नेले. म्हणून श्रद्धा उपचाराच्या आड येते का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की माझी श्रद्धा आड आली नाही. माझ्या श्रद्धेचे माप काढणारे लोक आड आले.

मनाचा_वैद्य

सिडकोवाली, आपण लिहिलेत हे फार मोलाचे आहे. केनेथ पार्गमेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने धर्माच्या आधाराने दुःखाला सामोरे जाण्याचा दीर्घ अभ्यास केला, आणि त्यातून नेमका हाच भेद पुढे आला. देव माझ्यासोबत आहे असे मानून संकटाला भिडणारा आणि देवाने मला शिक्षा केली किंवा टाकून दिले असे मानणारा, हे दोघेही धार्मिकच असतात. पण दुसऱ्या प्रकारच्या विचाराचा नैराश्याशी संबंध आढळतो. त्यामुळे आम्ही रुग्णाला "तुम्ही नमाज पढता का?" एवढेच विचारून थांबू नये, नमाज पढताना मनात काय येते, हेही विचारले पाहिजे.

जीव देण्याचा विचार कोणाच्याही मनात येत असेल, तर तो पाप-पुण्याच्या हिशेबात न घालता बोलून दाखवावा. टेली-मानस ही सरकारी सेवा 2022 पासून सुरू आहे, 14416 या क्रमांकावर केव्हाही मराठीत किंवा उर्दू-हिंदीत बोलता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत.

विवेकी

सर्वांचे वाचले. तरीही दर्ग्यांचे काय? तामिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. दुआ करता करता माणसे बांधून ठेवली जातात, ही वस्तुस्थिती आहे आणि गोड बोलून ती झाकता येणार नाही.

वकिलीण

झाकू नयेच, पण नीट मांडावी. एरवाडीची आग दर्ग्यात लागली नव्हती, तर दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी केंद्रात लागली होती, आणि तेथे माणसे पोहोचली होती कारण जवळपास उपचाराची सोय नव्हती. आपल्याकडचे पाहा. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये चारच : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. सुरगाण्याच्या किंवा मालेगावच्या माणसाला त्यातले कोणतेच जवळ नाही.

कायद्याबद्दल दोन गोष्टी. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 95 नुसार मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे, आणि कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते. विवेकींनी उल्लेख केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे आहेत. परंतु घरी, मंदिरात किंवा दर्ग्यात होणारी, कोणाला शारीरिक इजा वा आर्थिक नुकसान न करणारी प्रार्थना त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. खालाजाननी पाणी दम करून (दुआ पढून फुंकर घालून) आणले तर तो गुन्हा नाही. आमिलाने छडी उगारली किंवा डॉक्टरकडे जाऊ दिले नाही, तर मात्र पोलिसांत जाता येते.

आणखी एक उदाहरण विवेकींसाठीच. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे, जेथे मनाच्या दुखण्याने त्रासलेले लोक सर्व धर्मांतून येतात. तेथे 2008 मध्ये "दवा आणि दुआ" हा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याच्या मुजावरांना (सेवेकऱ्यांना) लक्षणे ओळखायला शिकवले गेले, आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले आणि मुजावर स्वतःच लोकांना दुआनंतर त्यांच्याकडे पाठवू लागले.

विवेकी

उनाव्याचे माहीत नव्हते. हा मार्ग व्यवहार्य आहे, हे मान्य. तत्त्वतः मला तो पटत नाही, कारण डॉक्टरला मुजावराच्या परवानगीने बसावे लागते.

पंचवटीचा_पोरगा

विवेकी, सरकारी दवाखान्यात खिडकीवर केसपेपर काढताना कोणाची परवानगी लागते ते एकदा पाहून या, मग मुजावर बरा वाटेल.

गंगापूररोडकर

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून थोडी भर घालतो. बल्ख येथील अबू झैद अल-बल्खी (850-934) यांनी शरीर आणि मन या दोघांच्या आरोग्यावर एकत्रित ग्रंथ लिहिला. बाहेरच्या कारणाने आलेले दुःख आणि कारण सापडत नाही असे शरीरातून उगवलेले दुःख असा भेद त्यांनी केला. पहिल्यावर बोलण्याचा उपाय आणि दुसऱ्यावर औषधही सांगितले. मनात घुसून बसणाऱ्या त्रासदायक विचारांवर त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. दमास्कसला 1154 मध्ये आणि कैरोला 1284 मध्ये उभारलेल्या मोठ्या बिमारिस्तानांत (रुग्णालयांत) मनोरुग्णांचीही सोय होती.

मला अधिक बोलके वाटते ते प्रसिद्ध धर्मपंडित इमाम गझाली यांचे उदाहरण. 1095 मध्ये, बगदादच्या निजामिया मदरशात अध्यापनाच्या शिखरावर असताना त्यांची वाचा बंद झाली, घास गिळेना, आणि वैद्यांनी हे दुखणे मनातून शरीरात उतरले आहे असे सांगितले. हे सर्व त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांना इमानाने कमजोर म्हणण्याची हिंमत कोणी करणार आहे का?

सिडकोवाली

गंगापूररोडकर, माहिती उत्तम, परंतु हजार वर्षांपूर्वीच्या दवाखान्यांचा अभिमान बाळगणारी मंडळीच घरातल्या सुनेला गोळी घेऊ देत नाहीत, हेही मी पाहिले आहे.

अनामिक_नाशिकरोड

मी थोडे वेगळे लिहितो. मुस्लिम माणसाच्या मनःस्वास्थ्याची चर्चा निघाली की ती नमाज, जिन आणि दर्गा येथेच का अडकते? मला भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर फोन बंद होण्याचा अनुभव इतक्या वेळा आला की पुढे नाव सांगण्याआधीच छातीत धडधडायचे. देशात कोठेही काही घडले की दुसऱ्या दिवशी कार्यालयात सर्वांच्या नजरा चुकवत बसणे, हाही ताणच आहे. त्यावर कोणता रुकया (कुराण पढून केलेला उतारा) आणि कोणती गोळी? जुम्याच्या (शुक्रवारच्या) नमाजीनंतर मशिदीच्या पायरीवर चार ओळखीची माणसे हालहवाल विचारतात, तेवढा एक तास मला स्वतःबद्दल खुलासा द्यावा लागत नाही. माझ्यापुरता श्रद्धेचा मानसिक आरोग्याशी असलेला संबंध हा आहे.

कोकणीपुरा

मुलांनो, मी सत्तरीची बाई आहे, नातीकडून हे लिहून घेते. माझे मालक गेले तेव्हा चार महिने दहा दिवसांची इद्दत (विधवेने घरी राहून पाळायचा काळ) मी पाळली. आजकाल पुष्कळ शिकलेल्या मुली म्हणतात की ही कैद आहे. जिच्यावर कमवायची वेळ आहे तिची त्यात ओढाताण होते, हे मी पाहिलेले आहे. पण मला त्या काळात कोणी "आता सावर, हसून दाखव" असे म्हणायला आले नाही. दुःख करायला मला वेळ नेमून दिलेला होता आणि तो संपण्याची तारीखही ठरलेली होती. ज्यांना रडणे म्हणजे बेसब्री वाटते, त्यांनी कुराणातली सूरह यूसुफ वाचावी. हजरत याकूब मुलासाठी इतके झुरले की त्यांचे डोळे पांढरे झाले, आणि तरी त्यांच्या सब्राला सुंदरच म्हटले आहे.

वडाळारोडच्या बाळा, तुझ्या अब्बांना सांग की पैगंबरांनी उंट आधी बांध आणि मग तवक्कुल (अल्लाहवर भरवसा) कर असे सांगितले होते. गोळी हे बांधणे आहे.

वडाळारोड

सर्वांचे मनापासून आभार. इल्मदोस्त आणि डॉक्टरसाहेब यांचे प्रतिसाद मी भावाला वाचायला दिले. सहाबींचा प्रसंग वाचून तो बराच वेळ गप्प होता आणि नंतर त्याने विचारले की हे आपल्याला आधी कोणीच कसे सांगितले नाही. अब्बांशी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनी बोलावे असे ठरले आहे, कारण माझ्यापेक्षा त्यांचे बोलणे अब्बा ऐकतील. समुपदेशनाला भाऊ तयार झाला आहे. गोळीला अजून नाही, आणि मी आग्रह धरलेला नाही. "वजू झाला ना?" या प्रश्नाला उत्तर न देणे मात्र मला फार जड जाते, काल त्याने विचारले आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले.

मनाचा_वैद्य

निघून जाण्यापेक्षा तेथेच बसून "मला माहीत आहे तुला त्रास होतो आहे, पण याचे उत्तर मी देणार नाही" असे म्हणून पाहा. उत्तर नाकारायचे आहे, सोबत नाही. गोळीचा निर्णय समुपदेशनाला प्रतिसाद कसा मिळतो हे पाहून त्याच्या डॉक्टरांशी पुन्हा बोलता येईल. आजार फार तीव्र नसेल तर नुसत्या समुपदेशनानेही सुरुवात करतात.

देवळाली_वाचक

बरेच दिवस केवळ वाचतो आहे, आज एक प्रश्न. माझ्या मोठ्या भाईजानना बायपोलर आजार (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा) आहे आणि ते त्यावरचे लिथियम हे औषध घेतात. रमजानमध्ये ते रोजे सोडायला तयार नसतात, आणि सहरीसाठी (पहाटेच्या जेवणासाठी) उठून तरावीहपर्यंत (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजीपर्यंत) जागतात. याचा औषधावर परिणाम होतो का?

मनाचा_वैद्य

होऊ शकतो, आणि दोन बाजूंनी. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातील लिथियमची पातळी वाढू शकते. हात फार थरथरणे, उलटी-जुलाब, तोल जाणे, बोलणे अडखळणे ही त्याची धोक्याची चिन्हे आहेत आणि ती दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. दुसरे, झोप तुटली की बायपोलरमध्ये उन्मादाचा झटका येण्याची शक्यता वाढते. म्हणून रमजान सुरू होण्याच्या काही आठवडे आधीच त्यांच्या डॉक्टरांना भेटून रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि रोजे ठेवायचे की नाही हे तेथे ठरवावे. मात्रा किंवा वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत.

इल्मदोस्त

रोजांच्या बाबतीत कुराणातील सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयती आजाऱ्याला सवलत देतात, आणि त्यात शरीराचा आजार की मनाचा असा फरक केलेला नाही. आजार तात्पुरता असेल तर रोजे नंतर कजा करता (भरून काढता) येतात. कायमचा असेल आणि तज्ज्ञ वैद्य मनाई करत असेल तर दर रोजामागे एका गरजूला जेवण, म्हणजे फिदया द्यावा. भाईजान ऐकत नसतील तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्यांना त्यांच्या मुफ्तीसाहेबांकडे (धर्मनिर्णय देणाऱ्यांकडे) न्यावे. रमजानमध्ये मुफ्तींकडे गर्दी असते, त्यामुळे शाबानमध्येच (रमजानच्या आधीच्या महिन्यात) जावे.